तिकडचं वर्ष, इकडचा जिना

परदेशी जायला काय काय लागतं, हे आता छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पासपोर्ट, व्हिसा, बँकेचं कर्ज, येसराचा डबा आणि बाबा पेट्रोल पंपावर रात्री मुंबईची बस अडवून उभे राहिलेले सगळे नातेवाईक. परत येण्याच्या अटी मात्र कुणी आधी सांगत नाही. आमच्या कॉलनीत वर्षभर बाहेर राहून परतलेल्या पोराला तीन गोष्टी कराव्याच लागतात. घरोघरी चॉकलेट वाटायचं. ‘वाळलास’ किंवा ‘सुटलास’ यांपैकी जो शेरा पदरात पडेल तो हसत घ्यायचा. आणि कॉलनीच्या सभागृहात ‘अनुभवकथन’ करायचं. पहिल्या दोन अटींतून एखादा वशिल्याने सुटेलही. तिसरीतून आजवर कुणी सुटलेलं नाही.

या कार्यक्रमाचा कायमचा सूत्रसंचालक मी. नेहरू जाकीट असलेला आणि संध्याकाळी रिकामा असलेला माणूस आमच्या गल्लीत मी एकटाच आहे, त्यामुळे निवडणूक बिनविरोध होते. परदेशाचा माझा अनुभव म्हणाल, तर वेरूळला कैलास लेण्यासमोर एका फ्रेंच जोडप्याचा फोटो मी काढून दिला होता. त्यात लेणं सुरेख आलं होतं. जोडपं आलं नव्हतं.

यंदा तीन वक्ते एकदम हाती लागले. एक ब्राझीलवाला, एक इंग्लंडवाली आणि एक जर्मनीवाला. कॉलनीत आता त्यांना याच नावांनी ओळखतात; आईबापांनी बारशाला केलेला खर्च वाया गेला आहे.

तारीख ठरवायला बैठक बसली. आमच्या गावात लग्नाची तारीख पंचांगावर ठरते, बाकी सगळ्या तारखा नळावर. पाणी आठवड्याने येतं म्हणावं, तर हा आठवडा कधी आठ दिवसांचा असतो, कधी दहा दिवसांचा.

“शनिवार धरा,” सचिव म्हणाले. “शुक्रवारी पाणी होऊन जाईल.”

“मागच्या हळदीकुंकवाला पण हेच म्हणले होते तुम्ही.”

“तेव्हा पाइपलाइन फुटली होती.”

“ती आता काय चांदीची बसवली का?”

शेवटी शनिवारच ठरला. मे महिना, संध्याकाळचे सहा, सभागृहात चार पंखे. त्यातला एक फिरतो, एक आवाज करतो आणि उरलेले दोघे बघ्याची भूमिका घेतात.

प्रास्ताविकाची मी जय्यत तयारी केली होती. परदेशी राहण्याचा अनुभव या शहराला नवा नाही, हा माझा मुद्दा. १६१० साली ज्याने खडकी वसवली आणि या शहराचा पाया घातला, तो मलिक अंबर मूळचा हबशाचा, म्हणजे आजच्या इथिओपियाचा. गुलाम म्हणून विकला जात जात दख्खनेत आला, निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, आणि आल्या मुलखाला चॉकलेट न वाटता नहर देऊन गेला. तिथून मी बाबासाहेबांवर येणार होतो. १९१३ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडनला शिकले. परदेशातल्या शिक्षणाचं करायचं काय, याचं उत्तर त्यांनी आपल्याच गावात, नागसेनवनात, १९५० साली मिलिंद महाविद्यालय काढून दिलं. असा सगळा भारदस्त चढ होता. पण मी ‘त्याने जमिनीखालून खापराच्या नळांतून शहरभर पाणी खेळवलं’ इथवर आलो आणि तिसऱ्या रांगेतून आवाज आला, “म्हणजे चारशे वर्षांपूर्वी पाणी रोज यायचं?”

संपला विषय. पुढची दहा मिनिटं सभागृहात नहर-ए-अंबरी विरुद्ध जायकवाडी असा सामना झाला. प्यायला पाणी मागावं तर सचिवांची चिठ्ठी आली: ‘आवरा.’ बाबासाहेबांना मी मनातल्या मनात वंदन केलं आणि ब्राझीलवाल्याला बोलावलं.

हा अकरावीत असताना विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीच्या योजनेतून गेला होता. या योजनेत मुलाने कोट घालायचा आणि ज्या ज्या देशाचं पोर भेटेल त्याच्याशी बिल्ल्यांची देवघेव करून ते कोटावर लावायचे, असा रिवाज आहे. वर्षभरात त्याच्या कोटावर इतके बिल्ले साठले होते, की तो चालला की कुणीतरी परातीत चमचे टाकल्यासारखा आवाज येई. बाहेर पारा एक्केचाळीस, आणि हा गळ्यापर्यंत बटणं लावून. आईची ताकीद होती: कोट काढायचा नाही, फोटो काढायचेत.

“तिथे मी तीन कुटुंबांत राहिलो,” तो म्हणाला. “त्यामुळे मला तीन आया झाल्या.”

पहिल्या रांगेत बसलेल्या चौथीने, म्हणजे मूळ आवृत्तीने, पदर सावरला.

“तिथे लोक दिवसातून दोनदा, तीनदा आंघोळ करतात. मलाही सवय लागली.”

सभागृहात शांतता पसरली. सगळ्यांनी त्याच्या वडिलांकडे बघितलं. वडिलांनी खाली बघितलं. गेल्या पंधरवड्यात त्यांच्याकडे दोनदा टँकर का आला, याचा उलगडा गल्लीला आत्ता झाला होता.

पुढे तो तिथल्या लोकांची वेळेची कल्पना सांगू लागला. आठ वाजताचं बोलावणं असेल तर नऊ वाजता जायचं. आठला गेलं तर यजमान आंघोळीला गेलेला सापडतो. “त्यामुळे मला तिथे अजिबात परकं वाटलं नाही,” असं तो म्हणाला तेव्हा सव्वासात वाजले होते आणि मागच्या दारातून सहाच्या कार्यक्रमाची मंडळी अजून येत होती.

मग खाण्याचा विषय निघाला आणि त्याने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. शाकाहारी म्हणून त्याचे हाल होतील असं आजीला वाटलं होतं. तिथल्या पहिल्या आईने डुकराच्या मांसातल्या काळ्या घेवड्यातून मांसाचे तुकडे वेचून काढले आणि ‘आता झालं शाकाहारी’ असं जाहीर केलं, इथपर्यंत आजी फक्त डोळे मिटून होत्या. पण पुढे तो म्हणाला, “मग एकादशीला काय खायचं म्हणून मी शोध घेतला, तर साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा मूळचा तिथलाच. पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा पण. हिरवी मिरची पण अमेरिका खंडातली. म्हणजे आपल्या उपवासाच्या खिचडीत तिकडचं नसलेलं काय, तर जिरं. आणि ते पण काही लोक उपवासाला खात नाहीत.”

ज्येष्ठ महिलांची रांग एकदम ताठ झाली.

“काहीबी काय बोलायलास?” आजी उठल्या. “साबुदाणा परदेशी?”

“हो आजी, पण तिथे त्याच्याच पिठाचे चीज घालून गोळे करतात. ते मी एकादशीला खाल्ले. ते चालतं का?”

रांगेत कुजबुज झाली. कसावा म्हणजे साबुदाणा; चीज म्हणजे शेवटी दूधच; अंडं असतं का? काही जण घालतात, काही नाही. मग खलबत झालं आणि आजींनी निकाल दिला: “बिनअंड्याचा चालेल. पण गोळे म्हणू नको. वडे म्हण.” एका वर्षाच्या वास्तव्यातून ब्राझीलबद्दल आमच्या कॉलनीने जे ज्ञान घेतलं ते एवढंच, की तिथे उपवासाची सोय आहे.

इंग्लंडवालीने वर्षात एम.एस्सी. केली होती. तिथे ती पदवी एका वर्षात मिळते, हे ऐकून एक काकू कळवळल्या, “एकाच वर्षात? म्हणजे निम्मंच शिकवलं की गं! आणि फी पूर्ण घेतली?”

तिची अडचण विद्यापीठाच्या खिडकीवरच सुरू झाली होती. पासपोर्टवर जन्मस्थळ औरंगाबाद, पत्ता छत्रपती संभाजीनगर. समोरच्या बाईने विचारलं, जन्मगाव कधी सोडलंत?

“मी म्हणलं, सोडलंच नाही. तिथेच राहते.”

“मग पत्ता का बदललात?”

“मी नाही बदलला. २०२३ साली गावाचं नाव बदललं.”

“ठीक आहे, पूर्ण नाव या चौकटीत भरा.”

चौकट ‘संभाजी’पर्यंतच होती. पुढचं ‘नगर’ वर्षभर बाहेर राहिलं.

तिथे शिकताना आठवड्याला वीस तास काम करता येतं. ते तिने एका सँडविचच्या दुकानात केलं. घरी हिने पाण्याचा ग्लास कधी उचललेला नाही, असं आईने सभागृहात मोठ्या अभिमानाने सांगितलं. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडू लागायचा. आंघोळीच्या खोलीत उकळतं पाणी एका नळाला, बर्फाचं दुसऱ्याला. सोसेल असं पाणी कोणत्याच नळाला नाही. “पण दोन्ही नळांना चोवीस तास यायचं ना?” मागून कुणीतरी विचारलं. “मग तक्रार कसली करायलीस?”

एकदा तिने भल्या सकाळी घरासारखी चुरमुऱ्याची सुशीला केली आणि फोनवर आईला आनंदाने ओरडून सांगितलं, “सुशीला मस्त झाली!” भिंतीपलीकडे राहणाऱ्या पोरीने एवढंच ऐकलं. संध्याकाळी घरमालकाचा निरोप: करारात पाहुण्याला रात्री ठेवायची परवानगी नाही, सुशीला कोण आहे आणि किती दिवस राहणार आहे? हिने पातेलं दाखवलं. मालकाने चमचाभर खाल्लं आणि म्हणाला, सुशीलाला कधीकधी राहू द्यायला हरकत नाही.

परतल्यावर तिची एकदाच फजिती झाली. जालना रोडला आकाशवाणी चौकात ती झेब्रा पट्ट्यांपाशी उभी राहिली आणि गाड्या थांबण्याची वाट बघू लागली. तिकडे थांबतात. इथे ती एवढा वेळ शांतपणे उभी राहिली, की दोन रिक्षावाल्यांनी ‘कुठे जायचंय?’ म्हणून विचारलं आणि एकाने सुटे पैसे पुढे केले. अखेर भाजीची पिशवी घेतलेल्या एका आजीबाईंनी तिचा हात धरला, दुसरा हात वाहतुकीला दाखवला आणि तिला पलीकडे नेऊन सोडलं.

“या एका वर्षात सगळ्यात मोठं काय शिकलीस?” मी सूत्रसंचालकाला शोभेल असा प्रश्न टाकला.

ती जरा थांबली. “काका, वर्षभर मला कुणी विचारलं नाही की कुठे चाललीस, कुणाबरोबर, कधी येणार. पहिले तीन महिने रडू यायचं. पुढचे नऊ महिने मजा आली.”

टाळ्या फक्त मुलींच्या बाजूने आल्या. तिच्या आईने लगेच विचारलं, “म्हणजे कुठे जायचीस तू?”

आता राहिला जर्मनीवाला. हा श्टुटगार्टला शिकायला गेलेला. हे मर्सिडीजचं आणि पोर्शेचं गाव. आमचं त्याच्याशी जुनं नातं आहे; २०१० साली आमच्या शहरातल्या मंडळींनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्या होत्या. त्यामुळे हा तिकडून काय घेऊन येतो, याकडे सगळ्यांचं लक्ष होतं.

सुरुवात पैशांनी झाली. विद्यार्थ्याला व्हिसासाठी आधी ११,९०४ युरो, म्हणजे अकरा लाखांच्या पुढे रुपये, एका बंद खात्यात ठेवावे लागतात. मग बँक तेच पैसे त्याला दरमहा ९९२ युरो असे परत देते.

“व्याज?” पहिल्या रांगेतले सगळे निवृत्त एका सुरात.

“नाही.”

सभागृहाने असा उसासा सोडला, की बंद पडलेला तिसरा पंखा किंचित हलला. त्याने घाईने चांगली बाजू सांगितली: प्लास्टिकची रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की २५ सेंट मिळतात. लोकांनी मनात गुणाकार केला, आणि लग्नाच्या हॉलमागे पडणाऱ्या बाटल्या डोळ्यांसमोर येऊन दोन काकूंनी जर्मनीला जायची तयारी दाखवली.

एवढ्यात ‘युरोप दहा दिवसांत’ केलेले काका उठले. कॉलनीतल्या प्रत्येक अनुभवकथनात ते उठतातच. ज्याने वर्ष काढलं त्याला देश माहीत नसतो आणि ज्याने दोन रात्री काढल्या त्याला पाठ असतो, हा सिद्धांत त्यांनी एकहाती सिद्ध केला आहे.

“टिटीसी तळं पाहिलंस का?”

“नाही काका.”

“कुकू घड्याळाचं दुकान?”

“नाही.”

“अरे ब्लॅक फॉरेस्ट तुझ्या शेजारी! मग वर्षभर पाहिलंस काय?”

“नोंदणी कार्यालय पाहिलं,” तो प्रामाणिकपणे म्हणाला. “घर बदललं की दोन आठवड्यांत नोंदणी करायची. मी तीनदा घर बदललं.”

आणि मग त्याने ती गोष्ट सांगितली. त्या भागात जुनी पद्धत आहे. इमारतीतल्या प्रत्येक घराने आळीपाळीने एकेक आठवडा जिना झाडायचा, पुसायचा. ज्याची पाळी, त्याच्या दाराला पाटी. आठवडा संपला, की त्याने ती शेजारच्या दाराला अडकवायची. प्राध्यापक असो की गाडीवान, सुटका नाही. त्यांच्या भाषेत त्याला केअरवोखं म्हणतात. त्यातलं ‘केर’ तेवढं आम्हाला कळलं आणि तेवढ्याने भागलं.

“म्हणजे तू जिना झाडायचास?” त्याची आई उभी राहिली. “अरे, कर्ज काढून तुला गाड्यांचं शिकायला पाठवलं होतं!”

“आई, सगळेच झाडतात. शेजारच्या आजी ऐंशीच्या होत्या, त्या पण.”

“मग त्यांचा पण तूच झाडला असशील!”

“...दोनदा.”

पण पोरगं पेटलं होतं. त्याने ठराव मांडला: ही पद्धत आपल्या इमारतीत सुरू करावी. आपली इमारत म्हणजे माझीही. तो दुसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. सभागृहात पायांची चुळबुळ सुरू झाली. कुणी घसा खाकरला, कुणी ‘अभ्यासगट नेमू’ म्हणालं, युरोपवाले काका ‘तिकडचे जिने लाकडी असतात’ असा तांत्रिक मुद्दा काढणार एवढ्यात रस्त्यावरून आरोळी आली:

“पाणी आलं!”

“मंजूर!” सगळे एका आवाजात ओरडले आणि दोन मिनिटांत सभागृह रिकामं झालं. आमच्या कॉलनीच्या इतिहासात इतक्या एकमताने कुठलाच ठराव झालेला नाही. आभारप्रदर्शन मी फिरणाऱ्या एका पंख्यासमोर उरकलं. ब्राझीलवाला तर कोटासकट धावला. त्याच्या जाण्याचा आवाज मोटारींच्या घरघरीतही वेगळा ऐकू येत होता.

पाटी दुसऱ्या दिवशी लागली. ‘या आठवड्याची पाळी’ असं सुबक अक्षरात लिहिलेली. पहिला आठवडा त्याने स्वतःच्या दाराला लावून घेतला आणि रोज सकाळी जिना झाडला. त्याच्या मागे त्याची आई झाडायची, कारण त्याने झाडलेलं तिला पटत नव्हतं; आणि आईच्या मागे कामवाल्या मावशी, कारण ‘ताई झाडायल्या हे बरं दिसत नाही’. जिना इतका स्वच्छ पूर्वी कधी नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात पाटी शेजारी गेली. त्यांच्याकडे सुतक निघालं. तिसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, आम्ही भाडेकरू, मालकाला विचारा. मालक पुण्याला. तळमजल्याचा युक्तिवाद बिनतोड होता: आम्ही जिना वापरतच नाही. युरोपवाले काका म्हणाले, संकल्पना उत्तम आहे, पण ती रुजायला पन्नास वर्षं लागतात, तोवर मी थांबायला तयार आहे.

मग पाटी रात्रीची हिंडू लागली. संध्याकाळी एका दाराला असलेली पाटी सकाळी दोन मजले वर सापडे. कुणी ती कधी हलवताना दिसलं नाही, पण रात्री दीड-दोनला कड्या फार हळू वाजत. वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोललेले दोन शेजारी एका रात्री पाटीसह जिन्यात समोरासमोर आले. दोघांनी ‘जरा पाय मोकळे करत होतो’ असं सांगितलं आणि तिथेच बसून पहाटेपर्यंत गप्पा मारल्या. जिना सोडून बाकी पुष्कळ काही त्या पाटीने साफ केलं.

वार्षिक अहवालात सचिवांनी लिहिलं: ‘जर्मन धर्तीवरील स्वच्छता योजना यशस्वीरीत्या राबवण्यात आली.’ तेव्हा पाटी माझ्या दाराला येऊन स्थिरावली होती. पहिला मजला म्हणजे वर जाणाऱ्यालाही सोयीचा आणि खाली येणाऱ्यालाही. मी ती हलवायला जाई, तोवर कुणी ना कुणी जिन्यात पाय मोकळे करत असे.

अखेर जर्मनीवाल्याला तिकडेच नोकरी लागली. बॅगा भरायचा दिवस उजाडला. चटण्या, मेतकूट, कुकर, येसर असं सगळं भरल्यावर बॅग बंद होईना. अशा वेळी वर बसायला वजनदार आणि विश्वासू माणूस लागतो. तो मान माझा. घरातले सगळे पासपोर्ट शोधायला आत गेले होते, तेवढ्यात मी बॅग पुन्हा एकदा नीट लावली आणि वर बसलो. बाबा पेट्रोल पंपावर त्याला निरोप देताना सगळ्या नातेवाइकांत सर्वांत मोकळं मन माझंच होतं.

आठवड्याभराने श्टुटगार्टहून फोन आला.

“काका, बॅगेत पाटी निघाली.”

“अरे वा! कशी काय आली म्हणे?”

“काय माहीत. धुळीची होती म्हणून गॅलरीत ठेवली होती. शेजारच्या आजींनी पाहिली. मराठी येत नाही त्यांना, पण ओळखली बरोबर.”

“मग?”

“मग काय, माझ्या दाराला लावून गेल्या.”